बत्तीस पानांची चोरी

१

चोरी झाल्याचं जिनं सांगितलं, तिच्याच नावावर ती लिहिली गेली. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, आमच्या वाचनालयात, माझ्या डोळ्यांदेखत.

आमचं वाचनालय गुन्हे, पोलीस, न्यायालयं आणि तुरुंग एवढ्याच विषयांचं. गोष्टीचं पुस्तक मागायला कुणी आलं तर त्याला आम्ही रस्त्यापलीकडे पाठवतो. इथे येतात ते वकील, प्रबंध लिहिणारे आणि घरात करमत नाही असे निवृत्त लोक. मी संदर्भ विभागात बसते. कुणी म्हणालं, ‘मला जामिनाबद्दल वाचायचंय’, की त्याला नेमकं काय हवंय हे आधी त्याच्याच तोंडून काढायचं आणि मग कायदा कुठे, निकाल कुठे, समित्यांचे अहवाल कुठे, आकडेवारी कुठे ते दाखवायचं, हे माझं काम. ग्रंथालयशास्त्र मी शिकलेली नाही. एकवीस वर्षांपूर्वी पुस्तकांना लेबलं चिकटवायला आले आणि लेबलांबरोबर मीही चिकटले.

तर त्या बुधवारी वॉर्डनबाई एक जाडजूड तपकिरी अहवाल दोन्ही हातांवर घेऊन देवघेवीच्या टेबलापाशी आल्या. त्यांना वॉर्डनबाई म्हणतात कारण त्या खरंच होत्या. सतरा वर्षं बायकांच्या तुरुंगात पहारा केला, मग नोकरी सोडली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रबंधाला बसल्या. विषय: कैदी बायका स्वतःबद्दल काय सांगतात. दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, हाच विषय का. म्हणाल्या, ‘सतरा वर्षं रोज मोजल्या. ऐकायचं राहून गेलं.’

त्यांच्या हातात होता तो अहवाल एका जुन्या तुरुंग चौकशी समितीचा. त्यातल्या परिशिष्ट ‘क’मध्ये कैद्यांच्या स्वतःच्या साक्षी छापलेल्या आहेत, त्यांतल्या अकरा बायकांच्या. बायकांच्या इतक्या जुन्या साक्षी दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. या अहवालाची दुसरी प्रत कुठे आहे का, असं मीच मागे चार वाचनालयांना पत्रं लिहून विचारलं होतं. एकाची प्रत वाळवीनं खाल्ली, दुसऱ्याची पुरात गेली, तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही, चौथ्यानं ‘तुमच्याकडे असेल तर आम्हाला कळवा’ असं कळवलं.

वॉर्डनबाईंनी अहवाल टेबलावर उघडला. डावीकडे पान एकशे शहात्तर. उजवीकडे दोनशे नऊ.

‘मधली बत्तीस नाहीत,’ त्या म्हणाल्या. तुरुंगातला आवाज होता, हजेरीत दोन कैदी कमी भरले तर निघेल तसा.

ग्रंथपालसाहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. साहेब माणूस वाईट नाही, पण नियम म्हटलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही. फाटलेल्या-हरवलेल्या पानांची एक लांबुळकी वही आहे आमच्याकडे. तिच्यात एक रकाना असतो, ‘शेवटचा वाचक’. साहेबांनी अहवालामागची चिठ्ठी पाहिली. पाच वर्षांत एकच नाव होतं, आणि सोमवारपासून अहवाल वॉर्डनबाईंच्याच टेबलावर राखून ठेवलेला होता. त्यांनी रकाना भरला.

मी म्हटलं, अहो, त्यांनीच तर येऊन सांगितलं. त्यावर साहेब म्हणाले, चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण उगाच नाही पडली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पानं आली नाहीत तर वाचक-कार्ड रद्द, आणि बाईंच्या मार्गदर्शकांना पत्र. प्रबंधाला मुदतवाढ मिळाली होती ती या महिनाअखेरपर्यंतच. असं पत्र गेल्यावर पुन्हा कोण देणार होतं?

वॉर्डनबाई आपल्या टेबलाकडे वळल्या. चूक नसताना शिक्षा झालेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. त्यांनी फक्त टेबल आवरलं, पेन्सिली मोजून डब्यात ठेवल्या आणि जाताना मला म्हणाल्या, ‘दोन दिवस आहेत. तुम्ही शोधता ना सगळ्यांना सगळं? मला एवढं शोधून द्या.’

२

आता संशय कुणावर घ्यायचा, तर आमच्याकडे ब्लेड बाळगणारा माणूस एकच. फौजदारकाका.

फौजदारकाका निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण सकाळी बरोबर दहाला दाराशी हजर. घरची वर्तमानपत्रं पिशवीतून आणतात, गुन्ह्याच्या बातम्या ब्लेडनं कापतात आणि वहीत चिकटवतात. मी त्यांच्या समोर जाऊन बसले आणि हवापाण्यावर बोलू लागले, तर ते म्हणाले, ‘ताई, चौकशी करायची तर समोर बसू नये, बाजूला बसावं. समोर बसलं की माणूस वकील मागतो.’

मी बाजूला जाऊन बसले.

त्यांनी न विचारताच ब्लेड काढून दाखवलं. त्याला गोंद लागून असा गंज चढला होता की बातमीदेखील फाटूनच निघत होती. तुरुंगाचे अहवाल त्यांनी आयुष्यात उघडले नव्हते. त्यांचं म्हणणं, आमचं काम माणूस आत घालेपर्यंत, पुढचं वाचून उगीच वाईट वाटून कशाला घ्यायचं? मग गंभीर होऊन सल्ला दिला की ताई, लाभ कुणाचा ते बघा.

लाभ म्हटल्यावर प्राध्यापकांचं नाव निघालंच. तुरुंगांवरचा जाड ग्रंथ त्यांचा. वाचनालयातली अर्धी पुस्तकं त्यांच्या घरी असतात आणि उरलेल्या अर्ध्यांवर त्यांच्या हिरव्या पेन्सिलीच्या रेघा असतात. मी त्यांना गाठलं जिन्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं काय, तर माझ्या हिरव्या रेघाही गेल्या का. मग कळवळले. अकरा वर्षांपूर्वी परिशिष्ट ‘क’ त्यांनी इथेच बसून वाचलं होतं, पुरुषांच्या तीन साक्षी हातानं उतरवून घेतल्या होत्या. बायकांच्या का नाही, असं मी विचारलं.

‘तेव्हा गरज वाटली नाही, मॅडम,’ ते म्हणाले आणि थोडे ओशाळले. ‘पानं कापण्याची सवय मला नाही. मी आख्खं पुस्तकच नेतो.’

हे मात्र खरं होतं. त्यांच्यावर माझा कितीही राग असला तरी कात्री चालवणारा तो हात नव्हे.

मी परत जागेवर आले आणि साहेबांच्या परवानगीनं अहवाल माझ्या टेबलावर घेतला. अनुक्रमणिका काढली. परिशिष्ट ‘ब’, भांडी व अंथरुणे, पृष्ठ १७० ते १८०. परिशिष्ट ‘क’, साक्षी, १८१ ते २०३. परिशिष्ट ‘ड’, फाटके व कुलपे, २०४ पासून पुढे. आणि गेलेली पानं होती एकशे सत्त्याहत्तर ते दोनशे आठ.

म्हणजे चोरानं साक्षी नेल्या त्या नेल्याच, पण शेवटच्या चार पानांची भांडीही नेली आणि पाच पानांची कुलपंही. साक्षी चोरणाऱ्याला तुरुंगातल्या पातेल्यांचं काय करायचं होतं?

मी भिंग घेतलं आणि दोन पानांमधल्या खाचेत पाहिलं. कुणी ब्लेडनं कापलं असतं तर पानांच्या कापलेल्या कडा शिल्लक राहिल्या असत्या, दातांसारख्या. तिथे एकही कड नव्हती. होता तो फक्त दोरा. पुस्तकाचा बाकीचा दोरा जुन्या चहासारखा तपकिरी, आणि नेमक्या त्या जागी लांब लांब अंतरावर घातलेले चार टाके, पांढरेशुभ्र.

३

संदर्भग्रंथ घरी नेता येत नाही. मी फोनवर फोटो काढले आणि संध्याकाळी नणंदेच्या पुढ्यात ठेवले.

माझी नणंद आमच्याच खालच्या मजल्यावर राहते आणि कपडे दुरुस्त करते. शिवत नाही, दुरुस्तच करते. ती म्हणते, नवीन कुणीही शिवेल, दुसऱ्याचं बिघडलेलं उसवून परत शिवायला अक्कल लागते. माझ्या नवऱ्याला ती अजूनही ‘ए दादा, कोपर खाली घे’ असं सुनावते आणि तो पन्नाशीत कोपर खाली घेतो. मला वाचनालयातली हकीकत रोज सांगावी लागते. तिला कायद्यात रस नाही, माणसांत आहे.

तिनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघितला. मशीनवर कुणाची तरी पँट अर्धी लटकत होती.

‘हे कापलेलं नाही, वहिनी. उसवलंय.’

मी विचारलं, कशावरून. तिनं तीच पँट उचलून शिवण दाखवली. कात्री चालते तिथे धागे तुटतात आणि कापडही जातं. उसवणारा धाग्यापुरतंच तोडतो, कापडाला धक्का लावत नाही. पुस्तकाचं मला ठाऊक नाही, ती म्हणाली, पण ज्यानं हे केलं त्याला शिवण कुठे सुरू होते नि कुठे संपते ते माहीत आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुनी पुस्तकं सुटी पानं जोडून होत नाहीत. मोठा कागद घड्या घालून सोळा पानांची एक जुडी करतात, तिला जुज म्हणतात, आणि असे जुज एकाला एक शिवत जातात. मी बोटांवर सोळाचा पाढा म्हटला. अकरा जुज म्हणजे एकशे शहात्तर. बारावा जुज सुरू होतो एकशे सत्त्याहत्तरला, तेरावा संपतो दोनशे आठला. नेमके दोन जुज गेले होते. पातेली नि कुलपं कुणाला नकोच होती, ती साक्षींना शिवलेली म्हणून बरोबर गेली.

म्हणजे हात बांधणी जाणणाऱ्याचा. पण मग चोर पुस्तकं शिवणारा निघाला म्हणायचा का?

‘चोर कशाला म्हणतेस?’ नणंद म्हणाली. तिनं त्या चार पांढऱ्या टाक्यांवर नख ठेवलं. ‘हा धावदोरा आहे. कच्चा टाका. पुढे पक्कं शिवायचंय, तोवर निसटू नये म्हणून घालतात. चोर कधी धावदोरा घालून जातो का?’

४

गुरुवारी मी वाचकांना जे शिकवते तेच स्वतः केलं.

एखादं पुस्तक कुणी कुणी वाचलं हे त्याच्या मागच्या चिठ्ठीवरून अर्धवटच कळतं, कारण चिठ्ठी भरली की नवी लावतात. पण जो वाचतो तो पुढेमागे लिहितो, आणि लिहितो तेव्हा तळटीप देतो. तळटिपेत माणूस खोटं सहसा बोलत नाही, कारण ती कुणी वाचेल असं त्याला वाटतच नाही. आमच्या मागच्या खोलीत तीस वर्षांचे प्रबंध आहेत. तुरुंगांवरचे सगळे काढले आणि संदर्भसूच्या पाहत गेले. आमच्या अहवालाचा उल्लेख तीन ठिकाणी सापडला.

पहिला प्राध्यापकांचा, अकरा वर्षांपूर्वीचा. ‘परिशिष्ट क, पृष्ठ १८८.’ म्हणजे तेव्हा पानं होती.

दुसरा एका मुलीचा, सात वर्षांपूर्वीचा. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ‘मूळ प्रतीत परिशिष्ट क आढळले नाही. पुढील प्रबंधिकेवरून उद्धृत.’ म्हणजे सात वर्षांपूर्वी पानं नव्हती. आणि वॉर्डनबाईंनी या इमारतीत पाऊल ठेवलं दोन वर्षांपूर्वी.

मला त्या मुलीचा क्षणभर राग आला. तेव्हाच सांगितलं असतंस तर? मग आठवलं की सांगणाऱ्याचं आमच्याकडे काय होतं.

वॉर्डनबाईंचं कार्ड वाचवायला एवढं पुरेसं होतं. पण कार्ड वाचून काय उपयोग? पानांशिवाय प्रबंधात अकरा बायकांच्या जागी भोक राहिलं असतं. शिवाय ती प्रबंधिका, जिच्यावरून त्या मुलीनं उतारा घेतला, तोच तिसरा उल्लेख होता. मी ती फळीवरून काढली आणि नाव वाचून जवळच्या स्टुलावर बसले.

विषय: तुरुंगातील ग्रंथालये. वर्ष: आठ वर्षांपूर्वीचं. लेखक: आमचे साहेब. याच प्रबंधिकेवर ते ग्रंथपाल झाले. तिची एक प्रत त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात उभी असते.

शेवटी जोडपत्रं होती. त्यांत अहवालातल्या दोन पानांची झेरॉक्स, १९२ आणि १९३. मी ती खिडकीशी धरली. जाड बांधीव पुस्तकाची झेरॉक्स तुम्ही काढून पाहा. मधोमध काळा पट्टा येतोच, कारण पुस्तक काचेवर सपाट बसत नाही, आणि आतल्या बाजूची अक्षरं वाकतात. या पानांवर काळा पट्टा नव्हता. ओळी पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. झेरॉक्स काढली तेव्हा ही पानं पुस्तकात नव्हती.

मागून पावलं वाजली. साहेब दारात उभे होते, हातात तीच लांबुळकी वही.

‘काही सापडलं का, बाई?’ त्यांनी विचारलं, आणि माझ्या मांडीवरच्या प्रबंधिकेकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला. ‘अरे वा. वाचताय?’

५

मी ‘वाचतेय’ एवढंच म्हटलं. त्या चेहऱ्यात लपवाछपवीचा मागमूस नव्हता, आणि तेच मला कोड्यात टाकणारं होतं. एकतर हा माणूस पट्टीचा नट, नाहीतर त्याला स्वतःचीच करणी ठाऊक नाही. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढलीत. साहेबांना वाढदिवसाला ‘थँक यू’सुद्धा नैसर्गिकपणे म्हणता येत नाही. नट ते नव्हेत.

मग पानं उसवणारा हात कुणाचा? पूर्वी आमच्याकडे बाइंडरकाका होते. बांधणीची खोली बंद झाली आणि त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. शुक्रवारी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्यांचा पत्ता शोधत गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे लेकीच्या घरी राहतात. हात आता थरथरतात, पण मला बघून त्यांनी पहिल्यांदा माझी पिशवी हातात घेतली, तिच्या बंदाची शिवण पाहिली आणि ‘टिकेल’ म्हणाले.

मी फोटो दाखवला. त्यांना चष्म्याचीही गरज लागली नाही.

‘माझाच टाका,’ ते म्हणाले. ‘एवढ्या उशिरा आलात?’

मग सगळं त्यांनी सांगितलं, मध्ये मध्ये लेकीला चहाची आठवण करत. तेव्हा साहेब अजून साहेब झाले नव्हते, सहायक होते. प्रबंधिकेला पानांच्या स्वच्छ प्रती हव्या होत्या आणि जाड ग्रंथ यंत्रावर दाबायला बंदी. तेव्हाची पद्धत अशी की बाइंडरनं जुज मोकळा करून द्यायचा, प्रत काढून झाली की परत शिवायचा. यात गैर काहीच नव्हतं. काकांनी दोन जुज मोकळे केले, साहेबांनी प्रती काढल्या, जुज परत आणून दिले. आणि दुसऱ्याच दिवशी वार्षिक पडताळणी निघाली. प्रत्येक पुस्तक फळीवर दिसलं पाहिजे. साहेब धावत आले, म्हणाले, तूर्त धावदोरा मारून अहवाल जागेवर लावा, जुज नंतर शिवू.

‘आणि नंतर?’

‘नंतर मी निवृत्त झालो. निघताना सांगायला गेलो होतो त्यांना, की जुज शिकंज्यात आहेत, विसरू नका. ते फोनवर होते. मान हलवली.’

त्या एका हललेल्या मानेपायी आठ वर्षं अहवाल पोटात भोक घेऊन उभा होता. पडताळणी दर वर्षी होत होती, पण पडताळणीत पुस्तकं मोजतात, पानं नाही. पानं मोजणारी बाई यायला आठ वर्षं लागली.

शिकंजा म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. मधल्या काळात तो कुणी उघडला असेल का, असं मी विचारलं. काका हसले. आतल्या खोलीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला एक हातभर लोखंडी दांडा आणला. शिकंज्याचा फिरवायचा दांडा. कुणी सैल करू नये म्हणून जाताना बरोबर नेला होता, आणि आठ वर्षं त्यांची लेक त्याने दार अडवत होती.

‘दांड्याशिवाय कुणाच्या बापाला उघडायचा नाही,’ ते म्हणाले. ‘पण एवढं सांगा, त्या शिकंज्याचं तुम्ही लोकांनी केलंय काय?’

मला उत्तर माहीत होतं. सांगायची लाज वाटली.

६

बांधणीची जुनी खोली म्हणजे आमची हल्लीची चहाची खोली. कोपऱ्यात प्लास्टिकचं टेबलक्लॉथ घातलेला एक ठेंगणा, जड ओटा आहे, त्यावर पिण्याच्या पाण्याचा जार. आठ वर्षं आम्ही सगळे त्याच्यापुढे वाकून पाणी पीत होतो. टेबलक्लॉथवर द्राक्षांचे घड छापलेले आहेत.

मी पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. वॉर्डनबाई टेबलाशी बसून आपली टिपणं गठ्ठ्यात बांधत होत्या, जाण्याच्या तयारीनं. मी त्यांना बोलावलं, आणि साहेबांना. फौजदारकाका न बोलावता आले. जार उतरवला, द्राक्षं बाजूला केली. दांडा बसवला, पण स्क्रू गंजून बसला होता. साहेबांनी जोर लावला, फौजदारकाकांनी सूचना लावल्या. शेवटी वॉर्डनबाईंनी बाह्या सारल्या. सतरा वर्षं लोखंडी फाटकं ओढलेले हात होते ते. स्क्रू एकदा करकरला आणि फिरला.

दोन फळ्यांच्या मध्ये कागद होते. इस्त्री केल्यासारखे सपाट, चिठ्ठी लावलेले, चिठ्ठीवर बाइंडरकाकांच्या अक्षरात अहवालाचा दाखल क्रमांक आणि एक शब्द: ‘शिवणे’.

वॉर्डनबाईंनी उभ्याउभ्या मोजली. बत्तीस.

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विचारलं, पण इथे ठेवली कुणी. आता सांगणं मलाच भाग होतं. मी सगळं क्रमानं सांगितलं, नणंदेच्या धावदोऱ्यापासून प्राध्यापकांच्या तळटिपेपर्यंत, आणि शेवटी काळा पट्टा नसलेल्या दोन पानांपर्यंत. नाव घेतलं नाही. फोनवर बोलता बोलता मान हलवणारा माणूस, एवढंच म्हटलं.

साहेब आधी समजूतदारपणे ऐकत होते, कुणा दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तसे. मग हळूहळू त्यांचा हात कपाळाकडे गेला. फौजदारकाकांनी तोंड उघडलं होतं, मी त्यांच्या पायावर पाय दिला.

‘पडताळणी होती,’ साहेब म्हणाले. ‘मग मुलाखत होती. मग...’

पाचला पाच मिनिटं असताना ते वही घेऊन देवघेवीच्या टेबलाशी आले. तिथे प्राध्यापक होते, दोन वकील होते, हजेरीपट भरलेला होता म्हणायला हरकत नाही. साहेबांनी ‘शेवटचा वाचक’ या रकान्यातलं नाव पट्टी ठेवून खोडलं, वर आपलं स्वतःचं लिहिलं आणि आठ वर्षांपूर्वीचं साल घातलं. मग वॉर्डनबाईंकडे वळून, वहीकडे बघतच, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले की माझ्या चुकीचा ठपका मी तुमच्यावर ठेवला, माफ करा.

वॉर्डनबाई म्हणाल्या, ‘साहेब, मी कामावर असताना मी कुणाची माफी मागायला पाहिजे होती असे प्रसंग पुष्कळ झाले. मी एकदाही मागितली नाही. तुम्ही मागितलीत, हे बरं केलंत.’

मग मी नियम काढला. पानं परत आली तरी, वहीत ज्याचं नाव कायम राहतं त्याचं कार्ड एक महिना जमा होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केलेलाच होता. त्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं, आणि मला वाटतं, आठ वर्षांत पहिल्यांदा ते मनापासून हसले. सोमवारपासून बाइंडरकाकांना गाडी पाठवून बोलवायचं, जुज त्यांच्या देखत शिवून घ्यायचे, असंही त्यांनी जाहीर केलं. शिवायला हात लागतील ते माझ्या नणंदेचे, हे त्यांना मी नंतर सांगणार होते.

वॉर्डनबाई घरी गेल्या नाहीत. खिडकीजवळच्या टेबलावर दोन्ही जुज घेऊन बसल्या. बंद व्हायला एक तास होता. मी परत आलेली पुस्तकं लावत होते, तेवढ्यात त्यांनी बोट वर करून मला बोलावलं आणि एक ओळ दाखवली. पान एकशे शहाऐंशी, साक्षीदार क्रमांक सात, स्त्री, काम धुलाईचे. समितीनं विचारलं होतं, तुझी काही तक्रार आहे काय? छापलेलं उत्तर असं: ‘आधी बसायला सांगा, मग विचारा.’

मला हसू आलं. त्याही हसल्या, पण अर्ध्यात थांबल्या.

‘मी सगळ्यांना उभं ठेवूनच विचारायची,’ त्या म्हणाल्या. ‘सतरा वर्षं. हे कधी मनातच आलं नाही.’

त्यांनी कोरी चिठ्ठी ओढली. वर पान क्रमांक लिहिला, मग ते वाक्य, मग खाली साक्षीदार क्रमांक सात. आणि पुढच्या बाईकडे गेल्या. तिच्यानंतर अजून तीन बाकी होत्या.